साडेत्रेसष्ट किलोंचा माणूस

"साडेत्रेसष्ट! अहो, साडेत्रेसष्ट भरलात की तुम्ही!"

केमिस्टच्या दुकानाबाहेर वजनकाट्यावर उभा असलेला तो मुलगा दचकून मागे वळला. एखादी अनोळखी मुलगी आपल्या खांद्यावरून वाकून आपलं वजन वाचते आणि वर टाळी वाजवते, तर कोण दचकणार नाही? पण मी तरी काय करू! तीन आठवडे अख्ख्या चंदीगडमध्ये मी साधारण या वजनाचा माणूस शोधत होते. आनंदाच्या भरात तोंडून मराठीच निघालं.

"तुम्ही… मराठी?" चष्मा सावरत त्याने विचारलं.

"हो, मूळची कराडची. ओजस्विनी. आणि मला तुम्हाला उचलायचंय."

"म्हणजे?"

"खांद्यावर."

तो काट्यावरून खाली उतरला. मग म्हणाला, "आत्ता? इथेच?"

आणि तिथल्या तिथे मला तो आवडला. म्हणजे… सरावासाठी हो!

त्याचं नाव कैवल्य. अकोल्याचा, समोरच्याच मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये पीएचडी करत होता. त्याला चहा पाजून मी सगळं सांगितलं. अग्निशमन दलाची भरती होती. लेखी परीक्षा मी पास झाले होते, पण मैदानावर अडलं होतं. साठ किलोंचं ओझं खांद्यावर घेऊन शंभर यार्ड, एका मिनिटात. मुलगा असो की मुलगी, ओझं तेच. आणि वयाच्या अटीमुळे माझी ही शेवटची संधी होती.

"पण मग माणूस कशाला? पोतं उचला की वाळूचं."

"उचलते. पण आमचे विजयकुमारजी आहेत ना, दलातून निवृत्त झालेत, तेच आमचा सराव घेतात. ते म्हणतात, 'बेटा, बोरी डरती नहीं. बंदा डरता है, हिलता है, गला पकड लेता है. बंदा उठाओ!' आता आमच्या घरात बंदा म्हणजे बाबा. ब्याऐंशी किलो, त्यात कंबरदुखी."

तो खळखळून हसला. मग एकदम गंभीर होत म्हणाला, "हीच नोकरी का?"

बाबांची बदली होऊन आम्ही इथे आलो, त्याच वर्षी समोरच्या क्वार्टरला आग लागली होती. सगळी माणसं बाहेर पळत होती आणि चार जणं आत शिरत होती. आई म्हणते बँकेत चिकट, एसीत बसशील. पण मला त्या चौघांतलं एक व्हायचंय. हे मी कुणाला इतक्या सरळ कधीच सांगितलं नव्हतं.

"उद्या किती वाजता येऊ?" त्याने विचारलं.

पहाटेच्या मैदानावर दव असायचं. पहिल्या दिवशी चाळीस यार्डांवर आम्ही दोघं धाडकन पडलो! त्याचा चष्मा एकीकडे, मी एकीकडे. विजयकुमारजींनी कपाळावर हात मारला. कैवल्य मात्र गवत झटकत उठला आणि म्हणाला, "चला, पुन्हा."

"मी वरून बोललं तर चालेल?" तिसऱ्या दिवशी माझ्या मानेवर आडवा पडून त्याने विचारलं.

"नाही. बंदा बेशुद्ध असतो."

"बेशुद्धच आहे मी… केमिस्टच्या दुकानापासून."

माझे पाय अडखळले. "गप्प बस, नाहीतर टाकीन खाली!"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. ब्याऐंशी सेकंद. बहात्तर. पासष्ट. बहावा पिवळाधमक फुलला तेव्हा मी अठ्ठावन्नवर आले होते. मी मैदानभर नाचले. कैवल्य लांबून बघत हसत होता, पण गालफडं बसलेली… आणि त्याच्या पट्ट्याला चाकूने पाडलेलं एक नवं भोक.

माझं नाचणं थांबलं.

"चल," मी म्हटलं. त्याचा हात धरून त्याला ओढत त्याच केमिस्टकडे नेलं. काट्यावर आकडा आला, साडेछप्पन्न.

"रात्रीचं जेवण सोडलं होतं," तो खाली बघत पुटपुटला. "तुला इतकी धाप लागायची, ओजू… मला बघवायचं नाही. वाटलं, थोडा हलका झालो तर—"

"हलका? अरे, परीक्षेत साठ किलो उचलायचेत मला! आगीत अडकलेला माणूस काय आधी डाएट करून बसणार आहे? मी इतके दिवस वेड्यासारखी खूश होत होते, मला जमतंय म्हणून!" माझे डोळे भरून आले, त्याचा आणखी राग आला. "तू मला फसवलंस त्याचं एवढं नाही रे. तू मला कमी लेखलंस."

परीक्षेला बारा दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी तो येणार नाही असं मी धरूनच चालले होते. पण साडेपाचला गडी हजर. पोटाला चादर गुंडाळलेली, आत कणकेच्या दोन पिशव्या. एक पुढे, एक मागे. दिसत होता असा की बघणाऱ्याने हसून लोळावं.

"दहा किलो, घटले त्यापेक्षा जास्तच," तो म्हणाला. "शिवाय काल चार पराठे खाल्लेत."

मी हसले नाही. उचललं आणि धावले. बहात्तर सेकंद. विजयकुमारजी घड्याळाकडे बघत म्हणाले, "अब सच्चा टाइम आया." अकरा दिवस मी ते सच्चं ओझं वाहिलं. खांद्याची सालं निघाली, गुडघे बोलायला लागले. कैवल्यला सगळं दिसत होतं. पण 'आज राहू दे' असं तो एकदाही म्हणाला नाही. शेवटच्या दिवशी साठच्या आत आले, अगदी जेमतेम.

परीक्षेला पोतंच होतं. शिटी वाजली आणि मी धावले. सत्तर यार्डांवर डोळ्यांपुढे अंधारी आली, पण पाय ओळखीचे झाले होते, ते पळत राहिले. "बस बेटा, हो गया, नीचे रखो!" परीक्षा घेणारे साहेब ओरडले तेव्हा मी रेषा ओलांडून चांगली दहा पावलं पुढे गेले होते. सत्तावन्न सेकंद! माझे स्वतःचे, कुणी हलके करून न दिलेले. त्या दिवशी मला माझा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

कुंपणाबाहेर कैवल्य उभा होता. "आता माझं काय काम?" त्याने हसत विचारलं. "म्हणजे… लग्न करशील माझ्याशी?"

"मी रोज आगीत जाणार. चालेल?"

"चालेल."

"हे तू फार पटकन म्हणालास. उत्तर मी राखून ठेवते."

पुढे सहा महिने प्रशिक्षण आणि मग नेमणूक. लोकांना वाटतं, आम्ही नुसतं पाणी मारतो. पाण्याने भरलेला पाइप कसा अंगावर येतो, ते धरून बघा एकदा! धुरात चालायचं नसतं, भिंतीला हात लावून रांगायचं असतं, कारण खाली त्यातल्या त्यात हवा असते. आणि रोज काही आग नसते. कधी लिफ्टमध्ये अडकलेले आजोबा, कधी मांज्यात लटकलेली घार. उरलेला वेळ पाइप वाळत घालायचे आणि गाडी पुसायची. मला हे सगळं आवडतं, गाडी पुसणंसुद्धा.

एका रविवारी दुपारी कैवल्य त्याच्या आईला, रत्नप्रभाकाकूंना, घेऊन आमच्या फायर स्टेशनवर आला. अकोल्याहून मुद्दाम मला बघायला आलेल्या. मी ड्यूटीवर होते, म्हणून बाहेरच्या बाकावर बसलो. काकूंनी पेढ्यांचा डबा उघडला आणि घंटा वाजली.

मी धावले. मागून कैवल्यचा आवाज आला, "आई, बाजूला हो, गाडी निघेल." बस्स, एवढंच.

एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सिलिंडर पेटला होता. आतल्या खोलीत एक धिप्पाड गृहस्थ अडकलेले. मी त्यांना खांद्यावर घेतलं, तर त्यांनी घाबरून माझा गळाच धरला. जिने उतरताना मी त्यांना सांगत होते, "बस अंकलजी, हो गया, पहुंच गए." खाली त्यांची बायको रडत होती. मी त्यांना तिच्यासमोर उतरवलं, तेव्हा तिने आधी माझे हात धरले.

परतले तेव्हा अडीच तास उलटून गेले होते. तोंडावर काजळी, केस घामाने चिकटलेले. कैवल्य त्याच बाकावर होता, चेहरा पांढराफटक, रुमालाची पिळून पिळून दोरी झालेली. मी फोन बघितला. त्याचा एकही मिस्ड कॉल नव्हता.

"जागचा हलला नाही गं हा," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, फोन तरी लाव पोरीला. तर म्हणतो, 'आई, ती कामावर आहे.'"

मी त्याच्याकडे बघितलं. घाबरून अर्धा झाला होता बिचारा. आणि तरीही…

"हो," मी म्हटलं.

"कशाला हो?" काकूंनी विचारलं.

"लग्नाला, काकू. कधीचा विचारून बसलाय."

कैवल्यने चष्मा काढला, पुसला आणि घालायचाच विसरला. मला एकदम माझ्या अवताराची लाज वाटली. "थांबा हं, तोंड धुऊन येते," म्हणत मी नळाकडे वळले, तर काकूंनी माझा काळा हात घट्ट धरला.

"खबरदार धुतलंस तर! आधी असाच एक फोटो काढू दे. अकोल्यात सगळ्यांना दाखवायचीय मला माझी सून."