दरवाजे बंद, साहेब

पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या जावेच्या, अवंतीच्या घरात घडली आहे. देवासला. गेल्या वर्षी युद्धाच्या बातम्या चालू होत्या, तेव्हा. कॉलनीनं संध्याकाळी ब्लॅकआउटचा सराव ठेवला होता.

आमचे आजेसासरे कृष्णराव त्याच घरात वारले, त्याला वर्षही झालं नव्हतं. धारच्या आमच्या घराण्यात समुद्रावर नोकरी केलेले ते एकटेच. मालवाहू जहाजावर अधिकारी, नौदलाच्या राखीव यादीत नाव. एकाहत्तरच्या युद्धात बोलावणं आलं. जहाजाला भोक पडलं, पाणी घुसलं, आणि साहेबांनी, म्हणजे आजेसासऱ्यांनीच, तळाच्या खोलीचं लोखंडी दार लावायचा हुकूम दिला.

खलाशी आतच होते.

"जहाज वाचलं ना?" एवढंच ते म्हणायचे.

म्हातारपणी डोकं भ्रमलं. दिवेलागणीला खाटेवरून गरजायचे, "दरवाजे?" जहाजावर हुकुमाला उत्तर द्यावंच लागतं. "बंद, साहेब" ऐकल्याशिवाय गप्प बसायचे नाहीत. शिव्या द्यायचे, ताट भिरकावायचे. ते उत्तर द्यायचं काम अवंतीचं.

त्या संध्याकाळी अभिषेक भाऊजी कारखान्यात होते. त्यांची नुकती रांगायला लागलेली लेक, रुचा, मागच्या खोलीत झोपली होती. अवंती अंधारातच तिचं दूध गार करत होती.

रस्त्यावरून शेजारचे भूपेंद्र ओरडले, "भाभी, मोबाईल की लाईट भी मत जलाना! दुश्मन पहला बम आपके ही दूध पे गिराएगा!"

ती हसली.

तेवढ्यात…

"दरवाजे?"

हातात वाटी, लक्ष दुधात. सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "बंद, साहेब."

मागच्या खोलीचं दार धाडकन लागलं.

त्या दाराला कडी नव्हतीच. पोर कोंडली जाईल म्हणून अवंतीनंच ती काढून टाकली होती. तरी दार हलेना. आत रुचा किंचाळत होती.

मग आतून थापा पडू लागल्या…

रांगत्या पोरीच्या नव्हेत. जड. डोक्याच्या उंचीवर. कितीतरी हातांच्या.

"साहेब, उघडा! माझी लेक आहे आत!"

अगदी कानाशी उत्तर आलं. थंड.

"आत कोण आहे ते विचारायचं नसतं."

थापा मंदावल्या. एकेक करून थांबल्या.

रुचाचा आवाजही…

भूपेंद्र धावत आले. "क्या हुआ, भाभी?" दोघांनी मिळून खांदे आपटले. दार जागचं हललं नाही. मग कॉलनीचे दिवे आले, आणि ते आपोआप उघडलं.

खोली कोरडी ठणठणीत. गादी रिकामी.

"भाभी… वो ऊपर…"

माळ्यावर, रचून ठेवलेल्या ट्रंकांच्याही वर, पार छताला टेकून रुचा शांत झोपली होती. शिडीशिवाय तिथे मोठ्या माणसाचाही हात पोचत नाही.

पाणी सगळ्यात शेवटी जिथे पोचेल, तिथे.

अवंतीनं घर बदललं. साहेबांची खाट, फोटो, सगळं तिथेच टाकलं. तो आवाज पुन्हा आला नाही म्हणते.

पण मी स्वतः पाहिलंय… रुचा रडायला लागली की आईकडे जात नाही. रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करते, दोन्ही हात वर करते…

आणि गप्प होते. कोणी उचलून घेतल्यासारखी.

माझ्या तान्ह्याला मी अजून अवंतीकडे नेलेलं नाही.