कडेच्या मुलीचा तपास

"कान सापडला!" शेपूट ओरडला.

सुट्टीचा चौथा दिवस होता आणि अजून काहीच घडलेलं नव्हतं. त्यामुळे कानाचं जोरदार स्वागत झालं.

शेपूट म्हणजे ठिणगीचा धाकटा भाऊ. वय आठ. ती जाईल तिथे हा मागे असतोच, म्हणून शेपूट. ठिणगी तेरा वर्षांची. तिला कुणी 'हे करू नकोस' म्हटलं, की ती 'का?' विचारते आणि उत्तर येईपर्यंत ते करून मोकळी होते. दोघं सुट्टीला आजोबांकडे आली होती. तिसरा शेजारचा भिंग. त्याच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड होत्या, की त्याने रोखून पाहिलं तर मुंगीलासुद्धा अवघडल्यासारखं व्हावं.

"कुठे सापडला?" ठिणगीने विचारलं.

"कचऱ्याच्या डब्यात! मी चेंडू शोधत होतो."

कान फोटोतला होता. दोन बोटं रुंदीची एक काळी-पांढरी पट्टी. तिच्यावर बाजूने दिसणारी एक मुलगी: एक कान, कानामागे रिबीन बांधलेली वेणी आणि भुवईवर एक खूण. तिच्या शेजारचं माणूस पट्टीच्या पलीकडे राहिलं होतं आणि पलीकडे काहीच नव्हतं.

तिघांनी डबा अंगणात पालथा केला. बटाट्याच्या सालांमधून आणखी पाच पट्ट्या निघाल्या. त्या फरशीवर ओळीने मांडल्या गेल्या. भिंग पोटावर झोपून त्या पाहू लागला.

"सहाही पट्ट्यांवर एकच मुलगी आहे," तो म्हणाला. "इथे लहान, इथे मोठी. पण भुवईवरची खूण तीच. आणि हे बघा, प्रत्येक ठिकाणी तिने कुणाचा तरी हात धरलाय. पण तो हात मनगटापाशी संपतो."

"बाप रे! खून!" शेपूट आनंदाने म्हणाला.

"गप रे! भिंग, कापलंय कशाने?"

"कात्रीने नाही. कात्री थोडी तरी वाकडी जाते. ही धार एकदम सरळ आहे. कागद कापायचं पातं."

घरात तसं पातं एकाच ठिकाणी होतं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मोर्चा पुढच्या खोलीकडे वळला.

पुढच्या खोलीत काकाचं दुकान होतं. टायपिंग, झेरॉक्स आणि पंधरा दिवसांपासून लॅमिनेशन. लॅमिनेशनचं यंत्र आलं, त्या दिवसापासून काकाला जगातली प्रत्येक वस्तू उघडी-नागडी दिसू लागली होती. त्याने वाणसामानाची यादी लॅमिनेट केली. तिच्यावर पुढे काही लिहिता येईना, म्हणून घरात दोन आठवडे त्याच वस्तू येत होत्या. साबणाच्या वड्या आता कपाटात मावत नव्हत्या. आजोबांचं शब्दकोडं त्याने ते सोडवायच्या आत लॅमिनेट केलं. आजोबा रोज सकाळी ते हातात घेत, उत्तरं मनात भरत आणि खाली ठेवत.

"या, या!" काका म्हणाला. "पण कुणाला सांगायचं नाही हं. रविवारी आजोबांना ऐंशी पूर्ण होतायत, सगळे नातेवाईक जमणार, त्यासाठी ही गंमत!"

त्याने टेबलावर सहा फोटो पसरले. चकचकीत, गुळगुळीत, सगळे एका मापाचे.

"घरातले जुने फोटो. कुणी लहान, कुणी मोठे, कुणी वाकडे. काही शिस्तच नव्हती! आता बघा. शंभर वर्षं टिकतील. पाण्यात टाका, काही होणार नाही."

"पाण्यात कशाला टाकायचे?" शेपटाने विचारलं.

"टाकायचे नाहीत. पण टाकता येतील."

भिंग वाकला. "काका, या फोटोवर तपकिरी डाग पडलाय. इथे बुडबुडा आलाय. यंत्राच्या उष्णतेने झालंय हे."

"जुना फोटो आहे. म्हातारपणी डाग पडतातच!"

ठिणगीने कानाची पट्टी टेबलावर आपटली. "आणि हे काय?"

"ती कड." काकाने खांदे उडवले. "प्लास्टिकचे पाउच माझ्याकडे एकाच मापाचे आहेत. फोटो मोठा आणि पाउच लहान, तर काय पाउच ताणू? कडेला काही महत्त्वाचं नसतं गं."

"कडेला माणूस होतं!"

"माणसं मध्ये पुष्कळ आहेत की!"

मागे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. दारात आत्या उभी होती. तिच्या हातातली शिवणाची टेप सुटून पडली होती. आत्या शेजारच्या खोलीत लोकांचे कपडे शिवायची. दिवसभर शिवणयंत्राची खडखड ऐकू यायची, तिचा आवाज क्वचितच. तिने पुढे येऊन ती पट्टी उचलली आणि अंगठ्याने पुसली.

भिंगने तिच्या भुवईकडे पाहिलं. मग पट्टीकडे. मग त्याने ठिणगीला कोपराने ढोसलं.

"आत्या, ही तू आहेस?" ठिणगीने हळूच विचारलं.

"हो. मी मोठी ना. फोटोवाला म्हणायचा, मोठी मुलगी कडेला उभी करा, म्हणजे धाकट्यांना आवरेल. सगळ्या फोटोंत मी कडेलाच." ती उगाच हसली. "सात फोटो आहेत माझ्या लहानपणाचे."

"होते," भिंग म्हणाला. मग त्याला वाटलं, आपण बोलायला नको होतं.

"सातवा कुठाय?" ठिणगीने विचारलं.

उत्तर द्यायची गरज नव्हती. तो काकाच्या डोक्यावर भिंतीला टांगलेला होता. घरातला सगळ्यात मोठा फोटो: खुर्चीत आजोबा, त्यांच्या मांडीवर एक गुटगुटीत बाळ, आजूबाजूला नातेवाईक आणि उजव्या टोकाला वेणीवाली मुलगी.

"तो आज संध्याकाळी करायचाय," काका म्हणाला. "मोठे पाउच मागवलेत. तरी उजवीकडून चार बोटं कापावा लागेल. पण मधला भाग शाबूत राहील. मधलं बाळ बघा, काय तेज आहे! मी एक वर्षाचा असतानाचा आहे तो."

"काका, तू तो कापायचा नाहीस," ठिणगी म्हणाली.

"का बुवा?"

"कारण आत्याचं लहानपण तेवढंच उरलंय!"

काका गडबडला. त्याने आत्याकडे पाहिलं. "ताई, तुझी काही हरकत आहे का?"

आत्या टेप गुंडाळत म्हणाली, "जाऊ दे रे. त्यात काय एवढं."

"झालं तर मग!" काका म्हणाला.

"काही झालेलं नाही!" ठिणगी कडाडली. "तिने जाऊ दिलं असेल. आम्ही जाऊ देणार नाही!"

तिने स्टूल ओढलं, वर चढली, फोटो खिळ्यावरून काढला आणि छातीशी धरून बाहेर पळाली. मागोमाग भिंग. त्याच्या मागे शेपूट, ज्याने जाता जाता यंत्राची वायरसुद्धा काढून आणली. ती आणायला कुणी सांगितलं नव्हतं, पण मोहिमेवर रिकाम्या हाताने परतणं त्याला बरं वाटेना.

"चोर! दरोडेखोर!" काका ओरडला. पण दुकानात गिऱ्हाईक आलं होतं आणि त्याला अर्जाच्या चार प्रती हव्या होत्या.

गच्चीवरच्या खोलीत तिघांनी दाराला आतून कडी घातली.

"किती वेळ बसणार असं?" भिंगने विचारलं. "भूक लागेल. मग शेपूट फितूर होईल."

"मी नाही होणार!" शेपूट म्हणाला. थोडा विचार करून त्याने भर घातली, "चारपर्यंत तरी नाही."

ठिणगीने फोटो उलटा केला. मागच्या जाड पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. अक्षर आजीचं, बारीक आणि फिकट. भिंगने नाक टेकवलं.

"डावीकडून सगळ्यांची नावं लिहिलीयत. थांब हं... मध्ये खुर्चीत हे स्वतः... मांडीवर..." तो थांबला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. "अगं ठिणगी! हे ऐक!"

त्याने वाचून दाखवलं. ठिणगीचे डोळे मोठे झाले. फोटो सुलटा करून तिघांनी उजव्या टोकाकडे पाहिलं. वेणीवाल्या मुलीच्या कमरेवर एक गाठोडं होतं. नीट पाहिल्यावर कळलं, की गाठोड्याला तोंड आहे आणि ते सताड उघडं आहे.

"दार उघडा," ठिणगी म्हणाली. "आपण शरण जाऊ या."

"चार वाजायच्या आधीच?" शेपूट दुखावला.

तिघं खाली आली, तेव्हा आजोबा दुकानात खुर्चीत बसले होते. काकाची तक्रार सांगून झाली होती. आत्या दाराशी उभी होती.

"काका, माझं चुकलं," ठिणगी इतक्या गोड आवाजात म्हणाली, की तिच्या ओळखीचं कुणीही ताबडतोब सावध झालं असतं. काका झाला नाही. "फोटो घे. आम्हीच रेघ मारून देतो, म्हणजे कापायला बरं. इथून ना?"

तिने फोटोवर आखायची पट्टी धरली. काकाने खूश होऊन मान डोलावली.

"अगदी बरोबर! शहाणी मुलगी!"

"म्हणजे ही मुलगी जाणार?"

"हो."

"आणि तिच्या कमरेवरचं रडकं पोर?"

"तेही जाईल. फोटोची शोभाच घालवलीय त्याने! कोण आहे कोण जाणे." काका फोटो घेऊन पात्याकडे वळला.

"मागे लिहिलंय," भिंग म्हणाला. "वाचू? 'मांडीवर फोटोवाल्याचा मुलगा. आपला धाकटा ओरडणं थांबवेना, म्हणून तेवढ्यापुरता मागून घेतला. उजव्या टोकाला ताई. तिच्या कमरेवर आपला धाकटा.'"

पात्याची मूठ काकाच्या हातात होती. ती तशीच राहिली.

"खोटं आहे हे!" तो म्हणाला. "बाबा, सांगा यांना! मांडीवरचा मी आहे ना?"

आजोबांनी चष्मा नीट केला. "नाही. तो फोटोवाल्याचा. फार गुणी मूल होतं."

"अहो, चाळीस वर्षं मी सगळ्यांना सांगतोय, तो मी आहे म्हणून! तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस," आजोबा शांतपणे म्हणाले. "सांगतच होतास."

शेपूट हसता हसता स्टुलावरून पडला.

काका फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहत राहिला. पातं त्याने केव्हाच सोडलं होतं.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "मी का रडत होतो गं?"

"तुला फोटोवाल्याचा काळा कपडा हवा होता, कॅमेऱ्यावरचा," आत्या म्हणाली. "दिला नाही, तर तू त्याला चावलास."

"चावलो?"

"अंगठ्याला. मग तुला दुसरं कुणी घेईना. मी घेतलं."

काका खाली बसला. पुढ्यातले सहा चकचकीत फोटो त्याने एकेक करून आपल्याकडे वळवले. सहाही फोटोंत कुठल्या ना कुठल्या टोकाला तो होता. त्याचा एक हात मनगटापाशी संपत होता आणि तो धरणारं कुणीच नव्हतं.

"हे सोलून काढता येतील का रे?" त्याने भिंगला अगदी बारीक आवाजात विचारलं.

"नाही, काका. सोलायला गेलात, तर चित्रच निघून येईल. आता तसेच राहू देत."

"मग?"

"मग आम्ही सांगू तसं करायचं," ठिणगी म्हणाली. "आणि यंत्राची वायर रविवारनंतर मिळेल."

कामाला सुरुवात झाली. पट्ट्या मऊ कोरड्या फडक्याने टिपल्या. चिकटपट्टी लावायला बंदी. काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि फोटोही खराब करते, असं भिंग म्हणाला. आत्याने जाड कागदांवर छोट्या खोबणी केल्या. त्यांत फोटोचे तुकडे न चिकटवता अडकवता येत होते. प्रत्येक पट्टी आपापल्या फोटोशेजारी बसली. मधे बारीक फट राहिली, पण मनगटाला मनगट मिळालं. खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, फ्लॅश बंद करून ठिणगीने मोबाइलवर सगळ्यांच्या प्रती काढल्या आणि तीन घरांत पाठवून दिल्या. एका घरातून गेल्या, तर दुसऱ्या घरात राहाव्यात म्हणून. मूळ फोटो कोऱ्या कागदात गुंडाळून एका खोक्यात ठेवले आणि खोकं ओल नसलेल्या भिंतीच्या कपाटात. नावं लिहायचं काम काकाला दिलं. पेन्सिलीने, हलक्या हाताने, कागदाच्या कडेवर, फोटोवर अजिबात नाही. तो आत्याला विचारून विचारून लिहीत होता. एकदाही त्याने स्वतःहून सांगितलं नाही.

रविवारी नातेवाईक आले. आत्या फोटो पुढे ठेवून सांगायला बसली. कोण कुणाला चावलं, कुणी कुणाची वही विहिरीत टाकली, ठिणगीचे बाबा शाळेत जायला नको म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यात कसे लपले आणि अंडी घेऊनच कसे बाहेर आले! ठिणगीने ते सगळं मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलं. एवढी वर्षं आत्याचा आवाज इतका वेळ कुणी ऐकला नव्हता. जेवणं गार झाली, पण कुणी उठेना.

"मग काय झालं, ताई?" काका दर दोन मिनिटांनी विचारत होता.

एका कडक चेहऱ्याच्या मावसआजोबांना मात्र राहवलं नाही. "हे सगळं ठीक आहे," ते म्हणाले, "पण घरातल्या वस्तू भिंतीवरून ओढून काढायच्या, वायरी पळवायच्या, मोठ्यांना उलट बोलायचं! या मुलांना एवढी परवानगी दिली कुणी?"

ठिणगी उत्तर द्यायला उठलीच होती. आजोबांनी हाताने तिला बसवलं.

"कुणीच नाही," ते म्हणाले. "परवानगी मागत बसली असती, तर आम्ही नक्की दिली नसती. शाबास रे पोरांनो!"