दुसरी कॅप्सूल आणि मोरीचा वास

पहिला खण

पंचवटीतल्या त्या माळकरी घरात पाऊल टाकताच सावळीरामनं मनातल्या मनात निकाल लावून टाकला. सुनेनंच केलं. हवालदारकीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण ही खोड काही सुटली नव्हती.

सून वेदिका भरलेली बॅग घेऊन दाराशी बसली होती. औषधाच्या दुकानात नोकरीला असलेली; नवरा परगावी कामाला. पाच वाजता तिचे वडील तिला कळवणला न्यायला येणार होते. कायमचं. सासूच्या औषधात घोळ केल्याचा ठपका सासऱ्यांनी तिच्यावर ठेवला होता.

"म्हणजे माझ्याकडे एक तास आहे," चैताली गांगुर्डे म्हणाली. खाजगी तपास हा तिचा धंदा. तिच्या स्कूटरवर मागं बसणं हा सावळीरामचा.

बोलावलं होतं सासूनं, उज्वलानं. वय बावन्न. तिनं सात खणांची औषधाची डबी पुढं सरकवली.

"पाळी गेली आणि अंगाची नुसती भट्टी झाली. झोप नाही की काही नाही. वेदिकाच मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी इस्ट्रोजेनची गोळी दिली, रोज. आणि जानेवारीपासून दर महिन्याच्या एक ते बारा तारखेला सोबत दुसरी कॅप्सूल, प्रोजेस्टेरॉनची. गर्भाशय असलेल्या बाईनं नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर आतलं अस्तर वाढत जातं, दुसरी त्याला आवर घालते, असं बजावलं होतं."

"मग?"

"तेवीस मेला एकाएकी रक्त गेलं. तशीच दवाखान्यात गेले. सोनोग्राफीत अस्तर जाड निघालं, तुकडा तपासायला पाठवलाय. डॉक्टरीणबाई म्हणतात, दुसरी घेतलेली दिसत नाही. अहो, मी एक रात्र चुकवली नाही! जानेवारीत तर ती घेतली की डोळे मिटायचे, सिरियल अर्धी राहायची. आता नाही येत तशी झोप. सवय झाली असेल."

"गोळ्या बघून घेता?"

"रात्री आरती झाली की खण तळहातावर उपडा करायचा आणि घोटभर पाणी. चष्मा कोण शोधतंय? डबी देवघराच्या कोनाड्यात असते. दर रविवारी वेदिका भरते." तिचा आवाज खाली आला. "ती जायला नको हो मला. पण मनात पाल चुकचुकते."

दुसरा खण

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत उज्वलाच्या अक्षरात:

१४ जाने. — संक्रांत. सुगडं पुजली नाहीत. बाजूला.
३ फेब्रु. — मोरीला वास.
१४ फेब्रु. — वास गेला.
५ मार्च — पुन्हा वास. ढेकरसुद्धा घाण.
२ एप्रिल — प्लंबर.
१५ एप्रिल — वास नाही. प्लंबर चांगला.
४ मे — प्लंबर चोर आहे!
२३ मे — (काहीच नाही. फक्त लाल फुली.)

"प्लंबरलाही बोलवू का?" सावळीरामनं विचारलं.

"त्या बिचाऱ्याची माफी मागायला बोलवा," चैताली म्हणाली.

तिसरा खण

उज्वलाचा नवरा दीपक. मार्केटमध्ये भाजीचा गाळा.

"नकली माल आणला असेल दुकानातून. मी आधीच सांगत होतो, हार्मोन-बिर्मोन नको. पण आमचं ऐकतंय कोण?"

"तुम्हीही काही घेता?"

"जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल. छातीसाठी." त्यानं फडताळातली बाटली दाखवली. "हल्ली महिना पुरत नाहीत. पूर्वी उरायच्या."

सावळीरामनं झाकण उघडून हुंगलं. लांबट, मऊ, पिवळसर कॅप्सूल. का कोण जाणे, त्याला भूक लागली.

"बाबा, ती बाटली..." दारातून वेदिका काहीतरी बोलू पाहत होती.

"तू गप!" दीपक ओरडला.

चौथा खण

वेदिकेनं रिकाम्या पट्ट्या मांडल्या. जानेवारी ते मे, सगळ्या. बिलांवरचे बॅच नंबर जुळत होते.

"दुसरीसुद्धा तुम्हीच खणात टाकायचा?"

"माझ्या हातानं. मला त्यांचं वाईट करायचं असतं, तर मीच त्यांना डॉक्टरांकडे कशाला नेलं असतं, ताई?"

'गुन्हेगार असंच म्हणतात,' सावळीराम मनात म्हणाला. पण या वेळी त्याचा त्यालाच तो शब्द खुपला.

पाचवा खण

दीपकची आई यशोदाबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, देवघरापुढं वाती वळत होती.

"माझ्यानं आता रांधवत नाय. सुनेची पाळी गेली, तवा देवापुढं साखर ठिवली. म्हनलं, आता बारा महिने नैवेद्य तिच्या हातचा. तर ऐन संक्रांतीला पुन्हा बाजूला बसली! तवापासून चार महिने नाय आली. देवाची किरपा."

"जवस खाता का, आजी?"

"लय चांगलं असतंय जवस. कुनालाबी बाधत नाय."

चैताली उठली. "सगळ्यांना बोलवा, काका."

सहावा खण

"काका, ती बाटली हुंगल्यावर तुम्हाला काय आठवलं?"

सावळीराम ओशाळला. माळकऱ्यांच्या घरात कसं सांगावं? "जेवण... म्हणजे, सुकट."

दीपकचा चेहरा उतरला. "माशाचं तेल आहे ते. डॉक्टरांनीच सांगितलं. आईला कळलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून जवसाच्या बाटलीत भरतो. वेदिकाच आणून देते."

"मोरी स्वच्छच होती," चैताली म्हणाली. "वास यायचा तो उज्वलाताईंच्या ढेकरांचा. फक्त महिन्याच्या सुरुवातीला, दुसऱ्या कॅप्सूलच्या दिवसांत. ह्या घरात कुणी मासा हुंगलेलाच नाही, ओळखणार कोण? दीपकरावांची बाटली लवकर संपते. ताईंना जानेवारीसारखी गुंगी येत नाही. कुणीतरी खणातली दुसरी काढून तिथं ही ठेवत होतं."

"हीच!" दीपकनं वेदिकेकडे बोट केलं.

"बाटलीत मासा आहे हे तुम्हाला माहीत आणि हिला माहीत. नैवेद्य रांधणाऱ्या बाईच्या पोटात तो तुम्ही दोघंही घालणार नाही. आणि जीवच घ्यायचा तर इतकी वासाची वस्तू कोण निवडेल? अदलाबदल करणाऱ्याला ते खरोखर जवस वाटत होतं. असं माणूस घरात एकच."

वातीचा कापूस खाली पडला.

"बारा तारखेला दुसरी बंद झाली की दोन दिवसांनी पाळीसारखं रक्त जातं. डॉक्टरांना ते अपेक्षितच असतं. ते नेमकं संक्रांतीला आलं. आजींनी हिशेब केला, पहिली गोळी सुनेला आराम देते, दुसरी विटाळ आणते. मग दुसरी काढा. वाईट करायचं असतं तर पहिली का ठेवली असती? पण आवर घालणारीच गेली, अस्तर वाढत राहिलं आणि मेमध्ये अवेळी फुटलं."

यशोदाबाईनं देवघरातून कुंकवाचा जुना करंडा आणला. आत कॅप्सूल एकमेकींना चिकटून गोळा झाल्या होत्या. "औषध टाकून कसं द्यावं? म्हनून ठिवलं." मग एकदम ती थांबली. "म्हंजे... चार महिने माझ्या देवाला..."

"देवाचं देव बघेल, आजी. सुनेच्या तुकड्याचा अहवाल अजून यायचाय."

सातवा खण

म्हातारीनं चटई उचलली. मागच्या गॅलरीत, जिथं घरातल्या बाया बाजूला बसायच्या, तिथं अंथरली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"मला शिवू नका कुनी."

उज्वला तिच्यामागं गॅलरीच्या दारात आली. चेहऱ्यावर राग होता, भीतीही होती. मग तिनं वाकून सासूच्या खांद्याला धरलं.

"उठा, आई. ह्या जागेवर आता कुणीच बसायचं नाही."

खाली हॉर्न वाजला. पाच वाजले होते.

उज्वलानं रिकामी डबी वेदिकेच्या ओंजळीत ठेवली. "डॉक्टरीणबाई सांगतील तेव्हा भर. तोवर तुझ्याकडे राहू दे. आणि चहाचं आधण ठेव, तुझे वडील उन्हातून आलेत."

वेदिकेनं दीपककडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

सावळीरामनं दाराशी पडलेली बॅग उचलली, आणि कुणी सांगायची वाट न पाहता आतल्या खोलीत नेऊन ठेवली.