अर्धा पूल

वाइवा आणि लेशेक यांची पहिली भेट चिखलात झाली. लिथुआनियातल्या कल्वारिया गावाच्या पुढे, पोलंडची हद्द हाकेच्या अंतरावर असताना तिचा गमबूट असा रुतला, की पाय तेवढा बाहेर आला. पलीकडून आलेल्या एका उंच सर्व्हेअरने बूट उपसला, त्यातलं पाणी ओतलं आणि अदबीने पुढे केला.

"तुमच्या देशाचा दिसतोय," तो तोडक्यामोडक्या लिथुआनियनमध्ये म्हणाला.

"आणि हात तुमच्या देशाचा. धुऊन घ्या."

तेव्हापासून दोन्हीकडचा महामार्ग जोडायच्या निमित्ताने त्याच्या फेऱ्या वाढल्या. मापं फोनवरही सांगता आली असती. पण तो यायचा, थर्मासमधला अर्धा चहा तिला द्यायचा आणि ती बांधत असलेल्या पुलाला वाकडा म्हणायचा. पूल अजिबात वाकडा नव्हता. वाइवाने बांधलेलं काहीच वाकडं होत नसे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणखीही एक गोष्ट ठाऊक होती... या माणसावर तिचा जीव जडला होता.

रस्ता खुला व्हायच्या आदल्या दिवशी लेशेक निरोप घ्यायला आला. त्याची बदली झाली होती – दूर दक्षिणेला, स्लोव्हाकियाच्या सीमेकडच्या नव्या रस्त्यावर. आजही हा काही बोलला नाही तर संपलंच, वाइवाला वाटलं. पाऊस भुरभुरत होता. पुलाच्या तोंडाशी चिखलाचं तळं साचलेलं आणि तिच्या पायांत नेमके नवे बूट.

"उचलू?" त्याने विचारलं.

"उचल. पण पाडलंस तर बघ."

तळं संपलं. लेशेक मात्र चालतच राहिला, थेट पुलावर. कठडा रंगवणारी माणसं थांबली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. इथे लग्नाच्या दिवशी नवरा नवरीला उचलून पूल ओलांडतो. वाइवाचे कान तापले. या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नसणार.

"लेशेक, तळं मागे राहिलं."

"दिसतंय."

पुलाच्या मध्यावर त्याने तिला अलगद खाली ठेवलं. टाळ्या थांबल्या.

"अरे, नवरीला अर्ध्यावर कुठे उतरवतोस?" मुकादम स्तासिसकाका ओरडले. "दमलास की काय?"

"त्यांचं मनावर घेऊ नकोस," ती घाईने म्हणाली. "आमच्याकडे एक रीत आहे, तुला माहीत नसेल—"

"तीन हिवाळे काढलेत इथे, वाइवा. दर शनिवारी तुमची वऱ्हाडं पूल शोधत हिंडतात. मला दिसत नाही होय?"

"मग उतरवलंस का?"

"अर्धा पूल माझ्या हिमतीवर आलो. पुढचा..." त्याने शब्द गोळा केले. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. पण मी लांब चाललोय. पुढचा अर्धा तुला विचारल्याशिवाय कसा ओलांडू?"

वाइवाने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. पापण्यांवर पावसाचे थेंब होते आणि तो ते पुसतही नव्हता.

"तिकडे पूल आहेत?"

"पुष्कळ. सगळे बांधायचेत."

"म्हणजे मला यायलाच हवं. नाहीतर काय वाटेल ते बांधून ठेवाल." तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. "उचल. लोक खोळंबलेत. आणि पूल वाकडा म्हणालास तर इथेच उतरेन."

"सरळ आहे," तिला उचलत लेशेक म्हणाला. "पहिल्या दिवसापासून सरळ आहे."