चौथी पत्ती

पहिल्या नजरेत प्रेम वगैरे काही झालं नाही. पहिल्या नजरेत तिला माउथ ऑर्गनमधली मोडकी पत्ती दिसली, आणि मोडणाऱ्याचा राग आला.

जेवायच्या सुट्टीत ती आपल्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानाला कुलूप लावत होती. भर उन्हात गळ्याला मफलर गुंडाळलेला एक माणूस समोर येऊन उभा राहिला.

"बंद झालं?"

"दिसतंय ना."

"संध्याकाळी कार्यक्रम आहे. एवढं एकच…" त्याने रुमालातून माउथ ऑर्गन काढून पुढे धरला.

तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि कुलूप परत उघडलं. वरचा पत्रा काढून भिंगाखाली बघितलं. चौथ्या भोकातली, श्वास आत ओढला की वाजणारी पितळी पत्ती मुळापाशी तडकली होती.

"तुम्ही हे वाजवता, की याच्याशी भांडता?"

"भांडतो. मग समजूत काढतो."

"समजूत मी काढतेय. तुम्ही नुसतेच भांडता."

तो हसला. आवाज न करता, नुसत्या डोळ्यांनी. तिने ते बघितलं आणि बघितलं म्हणून स्वतःलाच मनात चार शब्द सुनावले.

त्यांचा चौघांचा बँड. कंट्री, ब्लूज आणि रॉक एकत्र ढवळून स्वतःची गाणी करणारा. हा गायचा आणि माउथ ऑर्गन वाजवायचा, थोरली बहीण बेस गिटार धरायची, बहिणीचे यजमान ड्रमवर, दुसऱ्या गिटारवर लांब्या नावाचा मित्र. अकरा वर्षं एकाच व्हॅनमधून फिरत होते. मध्यंतरी एका रेकॉर्ड कंपनीने बोलावलं होतं. म्हणाले, गाणी चांगली आहेत, पण बहिणीला काढा, कुणीतरी देखणी पोरगी उभी करा. चौघं चहासुद्धा न घेता उठले. तेव्हापासून रेकॉर्ड स्वतः काढायची, स्टेजखाली टेबल मांडून स्वतःच विकायची. लोक एका गाण्यासाठी यायचे. त्याच्या शेवटच्या कडव्यात याचा आवाज असा वर चढायचा, की पत्रे उडतील असं वाटावं.

दर पंधरा दिवसांनी तो यायला लागला. दर वेळी चौथी पत्ती.

"मुद्दाम मोडता का हो?"

"मुद्दाम मोडायची असती तर रोज मोडली असती."

ती मान खाली घालून पत्ती घासत राहिली. कान मात्र तापले.

एका रविवारी दुपारी ती कार्यक्रमाला गेली. रेकॉर्ड झिजेपर्यंत ऐकलेली होती, त्यामुळे शेवटचं कडवं आलं तशी ती सरसावून बसली. जिथे आवाज चढायचा, तिथे त्याने गायचं सोडून माउथ ऑर्गन तोंडाला लावला आणि जीव खाऊन श्वास आत ओढला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तो सूर कुठल्या पत्तीचा, हे त्या गर्दीत फक्त तिला ठाऊक होतं.

कार्यक्रम संपल्यावर तिने त्याला व्हॅनमागे गाठलं.

"वरचा सूर लागत नाही ना तुम्हाला?"

"कोण म्हणालं?"

"पत्ती."

त्याने मफलरचं टोक पिळलं. "गाठी आल्यात गळ्यात. डॉक्टर म्हणतात, सहा आठवडे तोंड बंद. एक अक्षर नाही. मग ऑपरेशन लागतं का ते बघू."

"मग?"

"चाळीस कार्यक्रम ठरलेत. दाजींनी बेकरीतली नोकरी सोडली ती माझ्या गळ्याच्या भरवशावर. मी गप्प बसलो की बँड बसला."

"आणि गात राहिलात तर?"

"तरी बसेल. जरा उशिरा."

"ताईला ठाऊक आहे?"

त्याने मान हलवली. नाही.

तिचा पारा चढला. "मग ही पत्ती मी यापुढे बसवायची नाही. मी बसवते म्हणून तुमचं खपतंय."

"म्हणजे… मी दुकानात यायचं नाही?"

"ताईला सांगून या. मग हव्या तितक्या वेळा या."

बोलून ती घरी आली आणि तिला कळलं, की आपण आपल्याच हाताने दार लावून घेतलंय. तीन आठवडे कोणी आलं नाही. ती दुसऱ्यांचे माउथ ऑर्गन दुरुस्त करत राहिली. सगळे नीट वाजायचे, आणि तिला एकाचंही कौतुक वाटायचं नाही.

मग एका सकाळी ताई दारात. मागे तो, मफलरात तोंड खुपसून.

"माझ्या भावाची बोलती बंद केली ती तूच का?" ताई स्टूल ओढून बसली. "अकरा वर्षं त्याच्या बाजूला उभी आहे मी. मला कळलं नाही, तुला इथे बसून कळलं. लाज वाटली मला."

"कार्यक्रमांचं काय झालं?"

"आठ रद्द झाले. बाकीचे मी गाते. माझा आवाज कुठला तेवढा चढायला? शेवटचं कडवं खालून घेते. काही जण टाळ्या वाजवतात, काही उठून जातात. जाऊ देत. आमचे हे म्हणतात, उपाशी मरणार नाही एवढं चाललंय." ती उठली. "घरात खुणा करून याने जीव नकोसा केलाय. तासभर ठेव इथे."

ताई गेली. तो मुकाट्याने बसला आणि खिशातून वही काढली. काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

आवाज परत आलाच नाही तर?

"तर कमी भांडशील," ती म्हणाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिचं तिला कळलं नाही. त्याला कळलं. त्याने पुढचं पान उलटलं आणि न खोडता लिहिलं.

तू मला आवडतेस. हे तोंडाने सांगायला अजून एकवीस दिवस आहेत. तोवर तुझं दुसरीकडे जमलं तर?

तिने दोनदा वाचलं. "जमायचं असतं तर कधीच जमलं असतं. मी काय तुझी वाट बघत बसले होते?"

त्याने भुवया उंचावल्या.

"…होते," ती म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. तिने चटकन त्याच्या ओठांवर हात ठेवला, पितळेचा भुगा लागलेला, तसाच.

"एक अक्षर नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

आणि हात काही लगेच काढला नाही.