शालूबाईंचा गंधार

घाबरवायला सांगत नाही. मला स्वतःला या गोष्टीचं आता समाधानच वाटतं. तरी मलकापूरला जाताना हात गार पडतात, ते पडतातच.

१९९५ साली कुपवाडमध्ये माझं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. मलकापूरच्या नानासोंचा निरोप आला म्हणून गेलो. ते लग्नाच्या बँडचे जुने मालक. मुंबईच्या एका स्टुडिओनं मोडीत काढलेली पेटी त्यांच्याकडे होती. दिसायला हार्मोनियमची थोरली बहीण, पण प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत आणि ती वाचणारं एक हेड. पट्टी दाबली की फीत हेडवरून सरकते, आठ सेकंद सूर वाजतो, मग स्प्रिंग तिला मागे ओढते. पस्तीस पट्ट्या, पस्तीस फिती. त्यांवर नानासोंनी बायकोचा, शालूबाईंचा आवाज भरला होता. नुसता 'आ'. बाई जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्यांचा दुसरा आवाज कुठेच उरला नव्हता.

फिती कुजायला लागल्या होत्या. दुकानात नेऊन एकेक साफ केली, नव्या टेपवर भरली. मधला गंधार तेवढा सूर मोजायच्या मीटरला बसेना. सूर खाली, शेवटी कापरा. मी पडलो काटेकोर. शेजारच्या मध्यमाची नक्कल जरा संथ करून सूर उतरवला, चोख गंधार तयार केला आणि जुन्या फिती जाळून टाकल्या. स्वतःवर बेहद्द खूश होतो.

मलकापूरला पेटीत नव्या फिती बसवल्या त्या दुपारी नानासो एकेक पट्टी दाबत होते, मान डोलवत होते. गंधारापाशी थांबले. पुन्हा दाबली.

"हरीभाऊ, ही ती न्हाई."

सूर खाली होता म्हणून बदलला, असं मी सांगितलं.

"खाली जाणारच की. मी माईक धरून तोंड वाकडं करत हुतो. ती हसू दाबत हुती तवा... तेवढं एकच हसू हुतं माझ्यापाशी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड लपवायला पेटी उघडली आणि माझी ती फीत काढून खिशात घातली. मोटर घुमत होती. तापलेल्या तेलाचा वास खोलीत भरला होता. नानासोंचं बोट अजून त्याच पट्टीवर होतं. त्यांनी ती दाबली.

गंधार आला... जरा खाली... शेवटी कापरा... आणि त्या कापऱ्यात, अगदी माझ्या कानाशी, दाबलेलं हसू. पूर्ण आठ सेकंद. मग फीत मागे गेल्याचा आवाजसुद्धा आला. मी खिसा चाचपला. फीत खिशातच होती.

मी दाराकडे सरकलो. नानासो डोळे पुसत हसत होते.

"भिऊ नगा," ते हळूच म्हणाले. "तितं दुसरी फीत घालू नगा, म्हंजी झालं."

नाही घातली. दरवर्षी दिवाळीआधी जाऊन पेटी साफ करतो. नानासो आता सुखात आहेत, मला चहाशिवाय सोडत नाहीत. फीत घासली की हेड झिजतं, नुसतं बसून कधी झिजत नाही. बाकीची चौतीस हेड अजून नव्यासारखी आहेत. रिकाम्या जागेवरचं गेल्या वर्षी पार झिजून गेलं होतं. काही न विचारता नवं बसवून आलो.