चाळीस मिनिटांचा रुसवा

रविवारी सकाळी नऊला दातांच्या डॉक्टरीणबाई वहिनींच्या दारात उभ्या राहिल्या आणि ‘बसा’ म्हणायच्या आतच बोलू लागल्या.

“माझी गाडी कुणीतरी मुद्दाम बिघडवलीय! आज तीनला घाटात शर्यत आहे. वर्षभर तयारी केलीय मी!”

वहिनी म्हणजे गावातल्या एकमेव खासगी गुप्तहेर. आधी शाळेच्या प्रयोगशाळेत होत्या, म्हणून कुठलीही वस्तू आधी हुंगायची आणि मगच बोलायचं, ही सवय. सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणे, पण सख्खे दीर एकच. हे भाऊजी त्यांची गाडी चालवत, टिपणं घेत आणि भलत्याच माणसावर संशय घेत. तिसरं काम ते फार मन लावून करत.

“नीट सांगा,” वहिनी म्हणाल्या.

“पस्तीस वर्षांची टर्बोवाली स्पोर्ट्‌स कार आहे. गार असली की एका झटक्यात सुरू होते, पळते तर वाऱ्यासारखी! पण तापलेली बंद केली आणि दहा मिनिटांनी किल्ली फिरवली, की स्टार्टर नुसता फिरत राहतो. चाळीस मिनिटं रुसते, मग पुन्हा शहाणी.”

“कधीपासून?”

“तीन रविवार झाले. एरवी घर ते दवाखाना, इंजिन तापतच नाही. रविवारी तासभर चालवत आबांकडे जाते, माझ्या वडिलांकडे. एकटेच असतात. औषधं द्यायची, तब्येत विचारायची, दहा मिनिटांत निघायचं. पहिल्या रविवारी तर सगळा वेळ फोनवरच गेला माझा. आबांनी बिचाऱ्यांनी बोनेट उघडून काच धुवायचं पाणी भरून ठेवलं, आणि निघताना हे! नशीब, पुढच्या दोन्ही वेळा दोघांचं जेवण तयार होतं.”

“आणि शर्यतीत?”

“दोन फेऱ्या. मध्ये वीस मिनिटं इंजिन बंद ठेवावंच लागतं. पुन्हा सुरू झालं नाही की बाद.” त्यांचा आवाज चढला. “मिस्त्रींनीच केलंय. अकरा वर्षं गाडी त्यांच्याकडे आहे. आता माझ्या चुलतभावाचीही असते, आणि तो आज शर्यतीत आहे. मी हरले, तर मिस्त्रींचं तोंड पाहणार नाही.”

“मिस्त्रीच!” भाऊजींनी वही मिटली.

वहिनींनी डॉक्टरीणबाईंना अर्धा तास गाडी पळवून गॅरेजवर आणायला लावली. बंद केली, दहा मिनिटं थांबले, किल्ली फिरवली. स्टार्टर फिरफिर फिरला. इंजिन ढिम्म!

“टर्बोची भट्टी शेजारीच आहे ना,” मिस्त्री घाम पुसत म्हणाले. “मला वाटलं, नळीतलं पेट्रोल उकळतंय, पुढे पोचतच नाही. पंप बदलला, नळ्या गुंडाळल्या. लेकीसारखी जपलीय हो ही गाडी!”

“एक प्लग काढा.”

प्लग ओलाचिंब निघाला. वहिनींनी तो हुंगला. मग इंजिनात वाकून एका बारीक तारेच्या चकचकीत जोडावर बोट फिरवलं.

“मिस्त्री, तारांना सोल्डरिंग करता?”

“छे! पकडीने दाबायच्या, वर चिकटपट्टी. एवढा धीर कुणाला?”

तेवढ्यात चुलतभाऊ टपकला. “काय ताई, रुसली वाटतं?”

“तुम्हीच बोनेट उघडून दाखवा बरं,” असं त्याला म्हणत वहिनींनी ते आपटून बंद केलं.

चुलतभावाने स्टिअरिंगखाली चाचपलं, सीटखाली चाचपलं, शेवटी कपाळाला आठ्या घातल्या. गाडी मूळची डाव्या स्टिअरिंगची, म्हणून बोनेटचा खटका होता पलीकडच्या, डाव्या दाराशी.

“मला ही गाडी विकत हवीय, पण धडधाकट,” तो फणकारला. “आणि ताईला मी रस्त्यावर हरवणार, गॅरेजात नाही!”

“भाऊच!” भाऊजी कुजबुजले.

“भाऊजी, आपल्या गाडीत मिस्त्रींना घ्या. आबांकडे निघायचंय.”

चाळीस मिनिटांनी गाडी शहाणी झाली आणि बाराला सगळे आबांकडे पोचले. आबांच्या टेबलावर पाठ उघडलेले चार रेडिओ होते, शेजारी सोल्डरिंगची बंदूक. जेवणाच्या टेबलावर दोन ताटं मांडलेली. एवढी माणसं पाहून आबा गडबडले.

“पेट्रोल पोचत नसतं, तर प्लग कोरडा असता,” वहिनींनी सुरुवात केली. “तो ओला होता. म्हणजे पेट्रोल कमी नव्हे, जास्त होतंय. गार इंजिनाला सुरू होताना एक जादा फवारा मिळतो. इंजिन तापलं, की एक स्विच तो अडवतो. कुणीतरी त्या स्विचला वळसा घालून तार जोडलीय. फवारा फक्त स्टार्टर फिरताना उडतो, म्हणून गाडी धावते छान. पण तापलेलं इंजिन सुरू होताना पेट्रोलात बुडतं.”

“पण कुणी?” डॉक्टरीणबाई ओरडल्याच.

“जोड सोल्डर केलेला आहे. मिस्त्री ते करत नाहीत. भावाला बोनेट उघडत नाही. आणि शर्यतच हुकवायची, तर एक तार कापली की झालं! इथे गाडी मोडलेली नाही, नुसती थांबवलीय. ज्याला तुमची चाळीस मिनिटं हवी होती, त्यानेच. दहा मिनिटांत निघणाऱ्या मुलीसाठी ताट कोण मांडून ठेवतं?”

भाऊजींनी वही उघडून ‘मिस्त्री’ आणि ‘भाऊ’ दोन्ही खोडलं.

आबा खुर्चीत बसले. “शर्यतीचं मला ठाऊक नव्हतं गं.”

“काळजी कराल म्हणून नाही सांगितलं. पण आबा, थांब म्हणून विचारायचं तरी!”

“विचारलं होतं. त्या रविवारी चार वेळा. तू फोनवर बोलत मान हलवलीस.”

डॉक्टरीणबाईंचा राग कुठल्या कुठे गेला. त्या आबांच्या पायाशी बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. मग डोळे पुसून मिस्त्रींकडे वळल्या. “मिस्त्री, चुकलं माझं. पकड द्या आबांना.”

आबांनी स्वतः तार काढली. मिस्त्रींनी प्लग पुसून बसवले. गाडी अजून तापलेलीच होती. किल्ली फिरली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात गरजलं! मिस्त्रींनी आनंदाने भाऊजींना मिठी मारली. भाऊजींचा शर्ट काळा झाला.

“बसा गाडीत, आबा.”

“मी?”

“तुम्हीच!”

तीनला घाटात शर्यत सुरू झाली. पहिल्या फेरीत डॉक्टरीणबाई भावाच्या अर्धा सेकंद पुढे होत्या. घाटमाथ्यावर नियमाप्रमाणे इंजिन बंद केलं. बाप-लेक कठड्यावर बसून बोलत राहिले, हातवारे करत, हसत. वीस मिनिटं संपली. पंचांनी झेंडा हलवला, शिट्टी फुंकली, शेवटी नावाने हाक मारली. लोक गाडीकडे बोटं दाखवू लागले.

डॉक्टरीणबाईंनी मान न वळवता हात वर केला.

“एक मिनिट! आबांचं बोलणं पुरं होऊ दे.”